सातव्या दगडाचा आवाज

वावळोलीच्या घाटीला पायऱ्या नव्हत्या आणि नदीवर साकव नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते कुणी मोजलेलं नाही.

गावाच्या डोक्यावर झोळाईची राई होती. राई म्हणजे देवीचं रान. तिथं कोयती न्यायची नाही, तिथलं वाळकं पानसुद्धा घरी आणायचं नाही. त्या रानाच्या पोटातून एक झरा यायचा आणि सगळं गाव त्याच्यावर जगायचं. राईच्या कडेनं बारा दगड पुरलेले होते, प्रत्येकावर चंद्र-सूर्य कोरलेले. दगडांच्या आतलं देवीचं, बाहेरचं माणसांचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झोळाईची पालखी या हद्दीवरून फिरायची. पुढं निशाणकाठी घेऊन गुरव, मागं पालखी, तिच्या मागं गाव. प्रत्येक दगडापाशी गुरवानं काठीचा बुंधा तीनदा आपटायचा आणि मग वळायचं. नियम दोनच. काठी दगडावर वाजल्याशिवाय वळायचं नाही, आणि पालखीनं मागं फिरायचं नाही. पालखीच्या फेऱ्याच्या आत जे आलं, ते झोळाईचं झालं.

असं म्हणतात की बाराही दगडांचे आवाज वेगळे होते. एक ठणठण वाजायचा, एक लाकडासारखा. सातव्याला आतून चीर होती, तो फुटक्या मडक्यासारखा वाजायचा. पोरं वर्षभर त्याची वाट बघायची आणि तो वाजला की खिदळायची.

निशाणकाठीचा मान तेव्हा हरबा गुरवाकडं होता. आणि हरबाची एक गोष्ट गावात फक्त त्याच्या बायकोला, आवडाईला ठाऊक होती. हरबाला दिसत नव्हतं. चार वर्षांमागं डोळ्यांवर आधी धुकं आलं, मग अंधार. पण अंगात खोट असलेल्या माणसानं निशाण धरायचं नाही, असा गावचा दंडक. मान गेला असता तर खोतानं आपला माणूस राईवर बसवला असता आणि राईतले किंजळाचे वृक्ष होड्या बांधणाऱ्यांना विकले असते. म्हणून आवडाईनं एक युक्ती केली होती. फेऱ्याच्या आदल्या दिवशी ती हद्दीवरची वाट खराट्यानं लख्ख झाडायची. अनवाणी हरबाला पायाखाली पाचोळा लागला की वाट चुकली, गार माती लागली की वाट बरोबर. चार वर्षं तो असा चालला. कुणाला संशय आला नाही.

त्या वर्षी आवडाई झाडत झाडत सहाव्या दगडापर्यंत आली आणि तिच्या हातातला खराटा गळून पडला.

पुढं सातवा दगड नव्हता. आठवा नव्हता. नववाही नव्हता. जिथं राईची झाडं असायची, तिथं कमरेएवढं भात पिवळं होऊन डुलत होतं.

"काय गो आवडे, भूत बघितलंस?" बांधावरून विसाजी खोत हसत म्हणाला. पावसात राईकडं कुणी फिरकत नाही, तेवढ्यात त्यानं झाडं तोडून नांगर घातला होता.

"खोतानू, देवीचे दगड?"

"कसले दगड? सहाव्यावरून परस्पर दहाव्याकडं वाट झाड. पालखी तशीच वळेल." मग तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आणि तुझा हरबा हनुवटी वर करून का चालतो, ते मला कळलंय. उद्या चारचौघांत सांगू?"

आवडाईनं खराटा उचलला आणि खोतानं दाखवली तशी वाट झाडली, सहाव्यापासून थेट दहाव्यापर्यंत. घरी येऊन तिनं नवऱ्याला भाकरी वाढली, पण सांगितलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी उठली. ढोल वाजू लागले. हरबा पुढं, हनुवटी वर. पहिला दगड वाजला, दुसरा वाजला, असं करत सहावा वाजला. पुढं झाडांच्या जागी खोताचं भात बघून गाव चरकलं, पण खोतापुढं बोलणार कोण? झाडलेली वाट उजवीकडं वळली होती. हरबाच्या पायाला ती गार माती लागली, आवडाईनं आपल्या डोळ्यांनी बघितलं. त्यानं एक पाऊल त्या वाटेवर टाकलं. थांबला. पाऊल मागं घेतलं. आणि सरळ खोताच्या उभ्या भातात शिरला.

ढोलवाल्यांचे हात वरच राहिले. बायकांनी तोंडाला पदर लावले. भात मोडल्याचा कर्रकर्र आवाज तेवढा येत होता. पण निशाण पुढं गेलं म्हणजे पालखीनं मागोमाग जायचं, भोई काय करणार? तेही भातात शिरले. मागून गावही.

हरबा पावलं मोजत होता. सहाव्यापासून सातवा नाकासमोर एकशे अकरा पावलांवर, हे त्याच्या बापानं त्याला लहानपणीच पाठ करून दिलं होतं. एकशे अकरावं पाऊल पडलं. त्यानं काठी आपटली. भद्द. माती. त्यानं पुन्हा आपटली. भद्द.

आता हा काय करणार, म्हणून सगळे बघत राहिले. हरबा चालू लागला. दर पावलाला काठी आपटत, भद्द, भद्द, भद्द. भात संपलं. बांध आला, तो ओलांडला. खोताची आमराई लागली, तिच्यातून गेला. खोताचं खळं आलं. पेंढ्यावरची कोंबडी ओरडत उडाली, गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली.

"अरे थांबवा त्याला!" खोत धावत आला. "मागं फिरवा पालखी!"

पुढच्या भोयाच्या तोंडावरून घाम ओघळत होता. तो म्हणाला, "खोतानू, पालखी मागं कशी फिरवायची, तुमी सांगा. आमच्या बापजाद्यांना जमलं नाय."

"अरे, आंधळा आहे तो!" खोत किंचाळला. "चार वर्षं आंधळा माणूस तुम्हाला फिरवतोय!"

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. एक म्हातारी आपल्या डोळ्यांपुढं हात हलवू लागली, जणू तिलाच दिसत नव्हतं. चार वर्षं! देवीचं निशाण आंधळ्याच्या हातात!

आणि तेवढ्यात काठी वाजली.

ती मातीवर वाजली नाही. खोताच्या घराला तीन नव्या पायऱ्या केल्या होत्या, त्यातल्या पहिल्या पायरीवर वाजली. फुटक्या मडक्यासारखी. एकदा, दोनदा, तीनदा. गर्दीतलं एक लहान पोर सवयीनं खिदळलं.

"सातवा," हरबा म्हणाला. "इथं आलास होय रे बाबा?"

चार जणांनी पहार घालून पायरी उलटी केली. खालच्या अंगाला मातीनं भरलेले चंद्र-सूर्य होते. दुसरी उलटली, तिसरी उलटली. तिन्हींवर चंद्र-सूर्य.

दारात खोताची आई उभी होती. तिला सगळे थोरल्या काकी म्हणत. हातात पालखीच्या पूजेचं ताट होतं.

"तीन महिने मी या पायरीला पाय पुसून घरात येतेय, विसा," त्या म्हणाल्या. "माझे डोळे शाबूत आहेत ना रे?"

काकी तिन्ही दगडांवर कुंकू वाहत म्हणाल्या, "निशाण टेकलं. आता दगड इथून हलायचे नाहीत. सहाव्यापासून माझ्या दारापर्यंत सगळं झोळाईचं. आणि निशाण हरबाकडंच राहील. कुणाला काही बोलायचंय?"

भोयांनी खांदा बदलून पालखी पुढं घेतली.

आठवा, नववा तिथंच वाजवून हरबा वळला, राहिलेले तीन दगड वाजवले आणि फेरा पुरा केला. घरी गेल्यावर आवडाई त्याच्या पायांशी बसून रडली. म्हणाली, "मीच खोटी वाट झाडली हो."

"कळलं गो मला. दरसाल तुझी वाट कशी सुतासारखी असते. आज खराटा कापत होता, माती उंचसखल लागली."

"मग तुम्हाला ठाऊक होतं? दगड नेल्याचं?"

"मला काय ठाऊक? काठी वाजल्याशिवाय वळायचं नाही, एवढंच बाबांनी शिकवलं."

ते भात कुणी कापलं नाही. असं म्हणतात की पोपटांचे थवेच्या थवे उतरले आणि तीन दिवसांत शेत मोकळं करून गेले. चौथ्या दिवशी थोरल्या काकी डोकीवर सुरंगीचं रोप घेऊन आल्या आणि पदर खोचून खड्डा खणायला बसल्या. खोताची आई मातीत बसलेली बघून गावाला कसंसंच झालं. त्या दिवसापासून दर घरातून एक माणूस येऊ लागलं. दवंडी नाही, मजुरी नाही. कुणी कुंपण घातलं, कुणी झऱ्यावरून हंडे वाहिले. तिसऱ्या वर्षी एक माणूस खाली मान घालून कावड घेऊन आला. तो विसाजी होता. बायकांनी त्याच्याकडं बघितलं, पण टोमणा कुणी मारला नाही. त्याला आळं तेवढं दाखवलं.

हरबा कसा गेला, ते नक्की कुणी सांगत नाही. असं म्हणतात की एके दुपारी तो काठी घेऊन एकटाच हद्दीवर निघाला. आवडाई अंगणातून दगडांचे आवाज मोजत होती. बारावा वाजला. आता येतील म्हणून तिनं पाय धुवायला पाणी ठेवलं. आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोंगराच्या वरच्या अंगाला, जिथं नुसता उघडा माळ होता, तिथं दगडावर काठी वाजली. तेरावा. मग आणखी वर, चौदावा. मग ऐकू येईना.

गाव धावलं. माणूस सापडला नाही. माळावर निशाणकाठी रोवलेली होती आणि तिच्या खालची माती झऱ्याकाठच्यासारखी ओली होती. लोकांनी तिथंच तेरावा दगड पुरला.

आज वावळोलीच्या राईला एकोणतीस दगड आहेत. ज्या वर्षी कुणी आपल्या शेताची कड झोळाईला देतं, त्या वर्षी नवा दगड बसतो आणि पावसाळाभर दर घरातलं एक माणूस तिथं राबतं. त्याला हरबाची पाळी म्हणतात. फेऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या सासुरवाशिणी मिळून वाट झाडतात. आणि निशाणकाठी कुणाच्याही हातात असो, त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधतात.

खोताचं घर आता तिथं नाही. झाडं आली तसं ते खाली नदीकडं गेलं. दाट रानात तीन पायऱ्या तेवढ्या उरल्यात, कुठल्याच दाराशी न जाणाऱ्या. पालखी तिथं आली की ढोल आपोआप थांबतात. डोळे बांधलेला माणूस काठी उचलतो. ती फुटक्या मडक्यासारखी वाजेपर्यंत अख्खं गाव श्वास धरून उभं राहतं, आणि वाजली की खिदळायचा मान पोरांचा.