त्र्यंबकनानांनी कार्ड टेकवलं

आंबेखोल गावी त्र्यंबकनाना नावाचे एक भोळे गृहस्थ राहत असत. भोळे हा शब्द गावाने दिलेला. घरात त्यांच्यासाठी दुसरा शब्द होता, पण तो पाहुण्यांसमोर वापरत नसत.

नानांचा मुलगा अमेय परदेशी नोकरीला होता. त्याला मुलगी झाली. सुनेच्या बाळंतपणाला नानांची बायको इंदूताई निघाल्या. नानांना एकटं मागे ठेवणं धोक्याचं, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. तिकडे नेणं किती धोक्याचं, याचा विचार कुणी केला नाही. घरातली माणसं शहाणी होती ना!

तिकडे पोचल्यावर अमेयने नानांच्या हातावर एक कार्ड ठेवलं. "नाना, इथे तिकीट काढत नाहीत. या कार्डात पैसे भरून ठेवायचे. बस, ट्राम, मेट्रो, सगळीकडे हेच चालतं. नीट जपा."

"एवढंच ना? सोपं आहे," नाना म्हणाले.

जपायचं म्हणजे जपायचं. नानांनी कार्डाला हळदकुंकू वाहिलं, तीन पिशव्यांत गुंडाळलं, बॅगेत घालून कुलूप लावलं आणि मग ते बसने फिरायला निघाले. ड्रायव्हरने खुणेने कार्ड मागितलं.

"घरी सुखरूप आहे," नानांनी अभिमानाने सांगितलं. शुद्ध मराठीत. ड्रायव्हरने त्यांना खाली उतरवलं.

अमेयने कपाळावर हात मारला. "अहो नाना, कार्ड खिशात ठेवायचं. आत शिरताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. न चुकता!"

"एवढंच ना? सोपं आहे."

त्या दिवसापासून नाना दुकानाच्या काचेला कार्ड टेकवून आत जात आणि टेकवून बाहेर येत. बागेच्या फाटकालाही टेकवत. एकदा घरातल्या बाथरूमचं दार काही केल्या उघडेना. नाना बाहेरून कार्ड टेकवत राहिले. आतून इंदूताई ओरडल्या, "अहो, मी आहे!"

"पैसे संपलेले दिसतात," नाना स्वतःशी म्हणाले आणि परत टेकवलं.

मेट्रोच्या गेटाला मात्र कार्ड बरोबर लागलं. गेट झटक्यात उघडलं. नानांना इतकं भरून आलं, की ते आत गेले, वळले आणि यंत्राला हात जोडून तिथेच उभे राहिले. मागे माणसं तुंबली. कुणी कामाला चाललेलं, कुणी परीक्षेला. सगळे थांबून नानांची भक्ती बघत होते.

"नाना, गेटातून आत गेलं की थांबायचं नाही," अमेय दातओठ खात म्हणाला. "मागे वळून बघायचं नाही. सरळ पुढे चालायचं!"

"एवढंच ना? सोपं आहे."

संध्याकाळी शेजारच्या टिळेकरकाकूंनी चहाला बोलावलं होतं. नानांनी त्यांच्या दाराला कार्ड टेकवलं, आत शिरले आणि चालू लागले. काकू म्हणाल्या, "या नाना, बसा." नानांनी वळून पाहिलं नाही. बैठकीची खोली गेली, स्वयंपाकघर गेलं. मागच्या दाराला कार्ड टेकवून नाना परसात बाहेर पडले. चहा निवला.

पुढे कार्डातले पैसे खरंच संपले. अमेयने नोटा देऊन नानांना स्टेशनवरच्या यंत्राकडे धाडलं. "अडलं तर कुणाची तरी मदत घ्या," असंही सांगितलं. नानांना टाय लावलेला एक सभ्य गृहस्थ दिसला. त्यांनी नोटा आणि कार्ड त्याच्या हाती सोपवलं आणि मागे वळून न बघता सरळ घर गाठलं.

अमेयला नवं कार्ड आणावं लागलं. "कार्ड कुणाच्याही हातात द्यायचं नाही! कुणी कितीही गोड बोललं तरी नाही!"

"एवढंच ना? सोपं आहे."

दुसऱ्याच दिवशी ट्राममध्ये तपासनीस आला. त्याने हसून हात पुढे केला. नानांनी कार्ड छातीशी घट्ट धरलं. त्याऐवजी पासपोर्ट दिला, आधार कार्ड दिलं, स्वतःच्या लग्नातला फोटोही दिला. फोटो बघून तपासनीस आणखी गोड बोलू लागला. त्याबरोबर नानांची खात्रीच पटली आणि त्यांनी कार्ड सदऱ्याच्या आत सरकवलं. पुढच्या स्टॉपवर त्यांना उतरवण्यात आलं.

"त्याच्या यंत्राला टेकवायचं होतं, नाना," अमेय रडकुंडीला आला. "तुम्ही कोण, कुठले, याच्याशी त्याला काय करायचंय? इथे कार्ड टेकलं म्हणजे माणूस आला असं धरतात."

"अस्सं!" नाना म्हणाले. "मग तर फारच सोपं आहे."

मग बारशाचा दिवस उजाडला. बाळाची आत्या, म्हणजे नानांची मुलगी वैजयंती, त्याच देशात तीन तासांवर राहत होती. नाव तिने ठरवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. मुहूर्त अकरा पन्नासचा. ती वेळेवर आली नाही तर पोर बिननावाची राहणार. अमेय पाळणा सजवत होता, इंदूताई घुगऱ्या करत होत्या. तेव्हा सगळ्या शहाण्या माणसांनी विचार करून वैजूला आणायला नानांना पाठवलं. तिच्यासाठी वेगळं कार्डही दिलं.

गाडी वेळेवर आली. नानांनी लेकीची बॅग प्रेमाने उचलली. पर्स आणि फोन त्यातच होते. दोघं मेट्रोच्या गेटापाशी आली.

"नाना, माझं कार्ड द्या ना," वैजू म्हणाली.

नानांना लेकीची कीव आली. पण नियम म्हणजे नियम. "ते जमायचं नाही, बाळ."

"अहो नाना, उशीर होतोय! द्या ना, माझे गुणाचे नाना!"

गोड बोलू लागली म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नानांनी आपलं कार्ड टेकवलं आणि ते आत गेले. मागून वैजूने हाका मारल्या, "नाना! अहो नाना!" नाना थांबले नाहीत. वळले नाहीत. सरळ पुढे चालत राहिले.

अकरा चाळीसला ते घरी पोचले.

"वैजू कुठाय?" अमेयने विचारलं.

"स्टेशनवर."

"स्टेशनवर? आणि तुम्ही?"

"घाबरू नकोस. तिचं कार्ड आणलंय."

अमेय अनवाणीच धावत सुटला. इंदूताई मटकन खाली बसल्या. पाहुण्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बरोबर अकरा पन्नासला नाना पाळण्यापाशी गेले, त्यांनी खिशातून वैजूचं कार्ड काढलं आणि अलगद बाळाच्या कानाला टेकवलं.

"नाव काय ठेवलं?" टिळेकरकाकूंनी चाचरत विचारलं.

"ते कार्डाला ठाऊक," नाना म्हणाले.

कानात नाव सांगून झालं, की बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे, अशी आपल्याकडची रीत. इंदूताई उठल्या, पदर खोचला आणि त्यांनी नानांच्या पाठीत एकामागून एक असे बुक्के घातले, की नाना पाळण्यावर वाकले.

पण चेहरा मात्र आनंदाने फुलला होता.

"बघा!" ते कण्हत म्हणाले. "चाललं की नाही कार्ड?"