नाल्यावरची फळी

“आणि या सगळ्यात माणूस कुठं आहे?” केळुसकर बाईंनी विचारलं.

“तोच तर माझा शोध आहे, बाई. माणूस नाहीच.”

हे वाक्य शाल्मलीनं सात वर्षं जपलं होतं. चार भिंतींआडची तक्रार सार्वजनिक प्रश्न कशी होते, पुढं तिचं राजकारण कसं होतं, याचं वर्णन इंग्रजी लेखक कोणत्या शब्दांत करतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. प्रत्येक वाक्याचं एक कार्ड, आणि कार्डांची तीन खोकी: आग, पाणी, वारा. प्रबंध आज पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा होता. मार्गदर्शक म्हणून बाईंची सही तेवढी राहिली होती; ती घ्यायला शाल्मली त्यांच्या घरी आली होती, आणि चार वाजून गेले होते.

“प्रश्न पेटतो. प्रश्न पृष्ठभागावर येतो. प्रश्नाभोवती वादळ उठतं. चार हजार वाक्यं तपासली, बाई. प्रश्नाला वाचा फोडणारा माणूस शंभरांतल्या चार वाक्यांतही सापडत नाही. या लेखकांना राजकारण म्हणजे हवामान वाटतं.”

“आणि तुला?”

“मलाही. वेळ भरली की प्रश्न आपोआप चव्हाट्यावर येतो. माणसं मागाहून जमतात. निष्कर्षात तसंच म्हटलंय.”

बाईंनी शेवटचं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

“भाषा निर्दोष आहे.”

शाल्मलीला ते ठाऊक होतं.

“येताना दारापुढचा नाला कसा ओलांडलास?”

“फळीवरून. दुसरी वाट कुठं आहे?”

“वास?”

“नाकाला ओढणी लावली.”

“मग हा नाला कोणत्या खोक्यात?”

शाल्मली हसली. “कोणत्याच नाही. तो अजून प्रश्न झालेला नाही.”

“अकरा वर्षं उघडा वाहतोय. गेल्या आश्विनात समोरच्या घरात तिघांना कावीळ झाली. वेळ भरली नसेल?”

“तसं नव्हे... म्हणजे, त्याबद्दल अजून कुणी बोललेलं...”

ती थांबली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. “फळी कुणी टाकली?”

“नगरपालिकेनं?”

“मी. तेव्हापासून सगळी गल्ली सुखानं ये-जा करते. मला दुवा देते.”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सही केली. खाली तारीख घातली. कागद शाल्मलीच्या हाती दिला आणि त्या बाहेर गेल्या.

अंगणातून काहीतरी फरफटत येत असल्याचा आवाज आला.

शाल्मली खोकी सावरत दारात आली. फळी अलीकडे ओढून बाईंनी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. नाला उडी मारून जाण्याइतका अरुंद नव्हता. पलीकडच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या शेजारणीनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

“बाई, हे काय? पाचला कचेरीची खिडकी बंद होते!”

बाई पायरीवर बसून हात झटकत होत्या.

“सात वर्षांचं काम आहे, बाई... मी पलीकडे जाऊ कशी?”

“मला काय विचारतेस? गल्लीला विचार. मोठ्यानं.”