उजवीकडचा उंचवटा

"आबा, आता तरी सांगा. खोट कुठं हाय?"

संग्राम इंगवलेनं गळाच्या काठीची रील आबांच्या पुढ्यात धरली. स्पूलवर दोरी पुन्हा एका बाजूला चढली होती. उजवीकडे उंचवटा, डावीकडे खळगा.

गुणा आबांनी रीलकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख स्पूलच्या या कडेपासून त्या कडेकडे फिरवलं. मध्येच नख अडलं.

"नाय," आबा म्हणाले.

आमच्या गावात पुढच्या खडकावर गळ टाकून गरवायला उभं राहायचं असेल, तर आधी आबांचं नख स्पूलवरून न अडता जावं लागतं. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. दोरी ढीग करून गुंडाळली की तो ढीग कधीतरी ढासळतो आणि वेढे एकमेकांत रुततात. मागच्या खडकावर तेवढ्यानं मासा जातो. पुढच्या खडकावर माणूस जातो. तिथे पायाखाली शेवाळ, तिन्ही बाजूंना पाणी, आणि गळाला लागलेला वीस किलोचा गोबरा मासा पळत सुटला की दोरी सुटलीच पाहिजे. प्रभाकर मेथरची सुटली नव्हती. तो परत आला तिसऱ्या दिवशी, भरतीबरोबर.

म्हणून आम्हाला त्या नखाचा अभिमान आहे. दहा गावांत असा खडक नाही आणि असं नखही नाही.

संग्राम घाटावरचा. कोल्हापुरात त्याचं लेथ मशीनचं वर्कशॉप. तीन वर्षं दर रविवारी तो गगनबावडा उतरून येत होता, आणि तीन वर्षं त्याला "नाय" ऐकावं लागत होतं. खोटं कशाला बोलू, त्याच्याइतकं लांब गळाचं शिसं आमच्या किनाऱ्यावर कुणाचंच जात नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं, हीच पंचाईत.

त्याच्या रीलला पुढे एक बारीक कडी होती. हँडल फिरवलं की ती कडी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जाते आणि दोरी सारखी बसवते. संग्रामनं ती काढून टाकली होती. कडीला घासून दोरीचा वेग मरतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण कडी नसली की तिचं काम डाव्या अंगठ्याला करावं लागतं.

"कडी परत लाव मगे," आबा म्हणाले.

"कडी नवशिक्यांना ओ, आबा. मी बिनकडीचा एकशेचाळीस मीटर टाकतोय."

"टाकतस," आबांनी कबूल केलं.

"मग? आस तपासला. वॉशर बदलले. बेअरिंग नवीन घातलं. स्पूल लेथला लावून बघितला, केसाचा फरक न्हाई. दोरी ओल्या फडक्यात दाबून ताणात भरली. आणखी काय करू? मशीन माझ्याशी कधी खोटं बोलत न्हाई. हेच एक बोलाय लागलंय."

"मशीन खोटा बोलणा नाय," मागे इशाक आणि माझ्याबरोबर बसलेला नान्या म्हणाला, "आंगठो बोलता."

आम्ही तिघेही हसलो. संग्रामचे कान लाल झाले.

"ह्या अंगठ्यानं मी कागदाची जाडी सांगतो," तो म्हणाला. "कुणी बी या आणि बघा!"

आबा हसले नाहीत.

"टाकून दाखव."

संग्राम मागच्या खडकाच्या टोकाला गेला. पाय रोवले, काठी खांद्यामागे नेली आणि सोडली. शिसं गेलं... गेलं... इशाकनं भुवया वर केल्या आणि ते अजून जातच होतं. शेवटी लांब कुठेतरी पांढरा ठिपका उठला.

संग्राम हँडल फिरवू लागला आणि त्याची मान आमच्याकडे वळली. हात दोरी गुंडाळत होता, डोळे आमचे चेहरे मोजत होते. मी मान डोलावली. इशाकनं बोट वर केलं. नान्यानंसुद्धा नाइलाजानं "वा" म्हटलं, तेव्हा कुठे त्याची मान समुद्राकडे परतली.

आबा समुद्राकडे पाहत नव्हते. रीलकडेही नाही. ते त्याच्या मानेकडे पाहत होते.

"पुन्हा," आबा म्हणाले.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. शिसं लांब, मान आमच्याकडे, उंचवटा उजवीकडे.

"रीलाक कायएक झाला नाय," आबा म्हणाले.

"मग झालंय कशाला?"

"हय माणसां जास्त झाली."

संग्रामला काही उमगलं नाही. खरं तर मलाही नाही.

"दर्याकडे तोंड कर," आबा म्हणाले. "मी ह्यांका घेवन घराक जातंय. एकदा टाक, दोरी भर, आणि माझ्याकडे घेवन ये. भरून होईपर्यंत मागे बघू नको."

"कुणीच थांबणार न्हाई?"

"कोण नाय."

संग्रामनं तोंड फिरवलं.

"उठा रे, चला," आबा मोठ्यानं म्हणाले. आणि तळहात खाली करून आम्हाला खूण केली, बसा.

इशाक मोठा हुशार. त्यानं पायातल्या चपला हातात घेतल्या आणि बसल्या जागी खडकावर वाजवल्या, आधी जोरात, मग हळू, मग अगदीच हळू. नान्यानं तोंडात रुमाल कोंबला. आबा पुढच्या खडकाच्या वाटेवरच होते, तिथेच माझ्या शेजारी उकिडवे बसले.

संग्राम बराच वेळ नुसताच उभा राहिला. त्याचे खांदे खाली आले. तीन वर्षांत असा उभा राहिलेला त्याला मी पाहिला नव्हता. मला त्याची थोडी कीवच आली.

मग त्यानं काठी मागे नेली.

शिसं सुटलं आणि मी श्वास धरला. ते आधीच्या ठिपक्याच्या वरून गेलं, तरी पडेना. माझ्या तोंडून "शाबास" निघणारच होतं, इतक्यात आबांनी माझं मनगट दाबलं. ते शिसं कुठे पडलं, मला दिसलंसुद्धा नाही.

संग्रामनं हँडलला हात घातला. त्याची मान वळायला लागली... अर्ध्यावर आली... आणि थांबली. मागे होतंच कोण?

मान परत गेली.

तो खाली पाहू लागला. डावा अंगठा एका कडेला जाई, परत फिरे, दुसऱ्या कडेला जाई. घाई नाही, थांबणं नाही. एवढी सगळी दोरी ओढून आणायला वेळ लागला, पण आमच्यातलं कुणी हललं नाही. मध्येच तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि हसला.

शिसं खडकाला लागलं. संग्रामनं डोळे मिटले, आबांसारखेच, आणि स्वतःचं नख स्पूलवरून फिरवलं.

"गेलं!" तो ओरडला. "सरळ गेलं!"

आबांच्या घराकडे धावायला म्हणून तो वळला. समोर आम्ही चौघेहीजण बसलेलो.

"तुमी हितंच?"

"हयच," आबा म्हणाले.

"सगळ्यांनी बघितलं?"

"बघितला."

संग्रामचा चेहरा असा खुलला, की मलाही राहवलं नाही, मी टाळ्या वाजवल्या. माझीही छाती फुगली, ते काय खोटं. आमच्याच खडकावरून गेलं होतं ते शिसं.

"किती गेलं ओ, आबा? आजवरचं सगळ्यात लांब, होय का न्हाई?"

"होय."

"इशाकभाई, तुमी बघितलं न्हवं? नान्या, तू?"

नान्यानं रुमाल काढून हात जोडले. संग्राम खदखदून हसला. मग त्यानं रील आबांपुढे धरली. आबांनी डोळे मिटून नख फिरवलं. ते या कडेपासून त्या कडेपर्यंत कुठेही न अडता गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आबा "नाय" म्हणाले नाहीत.

संग्रामनं पिशवी खांद्याला लावली, काठी उचलली आणि पुढच्या खडकाकडे पाहिलं. तिथे लाटा फुटत होत्या.

"मग जाऊ मी?"

आबा त्या वाटेवरून उठले नाहीत. त्यांनी लोंबणारं शिसं हातात धरलं, ओलं होतं ते लुंगीला पुसलं आणि संग्रामच्या तळहातावर ठेवलं.

"सगळे बगतत," आबा म्हणाले. "आता पुन्हा टाक."