रावसाहेबांचं नाक

मालवणात घर शोधणाऱ्या रावसाहेब तोरसकरांना आपल्या नाकाची भारी घमेंड होती. उदबत्ती लावलेल्या घरात ते म्हणत, "काहीतरी लपवताय." न लावलेल्या घरात म्हणत, "वास येतोय." दोन्हीकडे किंमत पाडून मागत.

इंदू मोंडकरांचं घर बघायला ते ऐटीत लोकरी कोट घालून आले, तेव्हा इंदूताई चुलीवर सुके बोंबील भाजत होत्या. रावसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. "बाई, घर विकायचंय ना तुम्हाला?"

"म्हणूनच भाजतेय. याहून उग्र वास या घरात कधी यायचा नाही. बसा, चहा घ्या."

बोंबील उतरवून त्यांनी पुढचं-मागचं दार सताड उघडलं. समुद्राचा वारा घरभर फिरला. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता शोधा वास."

रावसाहेबांनी कपाटांतसुद्धा डोकं घालून पाहिलं. "प्रत्येक खोलीत आहे," ते विजयी सुरात म्हणाले.

"जरा तुमचा लोकरी कोट काढून अंगणातल्या दोरीवर टाका, आणि पुन्हा फिरा."

रावसाहेब फिरले. या वेळी कुठेच वास लागेना. ते दारात येऊन दोरीवरच्या कोटाकडे बघू लागले.

"घर निर्धास्त घ्या, रावसाहेब," इंदूताई म्हणाल्या. "किंमत पाडायचीच असेल, तर त्या कोटाची पाडा."