कानशीचे विमान

फार मागची गोष्ट. विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या श्रीधर तांबटांच्या मेजावर एक बारीक कानस राहत असे. एकदा त्यांनी विमानाच्या सुट्या भागांची दोन खोकी आणली. पहिल्यातले भाग इतके नेमके होते की तासाभरात विमान उभे राहिले. कानशीला कुणी हातही लावला नाही.

दुसऱ्यातले पंख मात्र वाकडे निघाले आणि सांध्यात फट राहू लागली.

"हे परत जाऊ दे," चिमटा कानशीला म्हणाला. "नाहीतर तुझे दात झिजतील, बाई. बोथट कानस केरात जाते."

कानस म्हणाली, "झिजू देत. पण हे मला करायचंय."

सतरा दिवस ती तांबटांच्या हातात पंख घासत राहिली. एकदा पंख मोडला, तेव्हा दोघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. विमान उभे राहिले, तेव्हा कानशीचे निम्मे दात गेले होते.

तांबटांची बहीण आली. दोन्ही विमाने पाहून तिने विचारले, "दादा, दोन्ही तूच केलीस?"

"ते कारखान्यानं केलं, मी नुसतं जोडलं," तांबट म्हणाले आणि त्यांनी कानस उचलून तिच्यापुढे धरली. "हे आम्ही दोघांनी केलं."

कानस चिमट्याला हळूच म्हणाली, "ऐकलंस ना? आम्ही दोघांनी!"