पाताळाच्या तिसऱ्या दारी

एका राज्यात मृत्यूचेही राजापुढे काही चालत नसे. राजा उग्रबाहूच्या दंडाला जादूगार धूम्रकेशाने नागमण्याचा ताईत बांधला होता. काळदूत दारी आला की राजाने कुणाही प्रजाजनाचे नाव घ्यावे. दूत त्यालाच घेऊन जाई.

एके सकाळी राजाने सारंग नावाड्याचे नाव घेतले. वल्हे मारता मारताच सारंग कोसळला. थोरली बहीण चंद्रावळ प्रेताशी बसली होती, तोच प्रधान शालू घेऊन आला. "बाई, तुझा भाऊ महाराजांच्या कामी आला. धन्य मान."

"धन्य?" तिने शालू त्याच्या तोंडावर भिरकावला. "राजाला मरण नको, तर ते माझ्या भावाने का मरावे? मी पाताळात जाऊन जाब विचारून येईपर्यंत सरण पेटवू नका!"

छपरावरची टिटवी बोलली, "चल. पाताळाची वाट मला ठाऊक आहे." कोरड्या विहिरीच्या तळातून दोघी खाली उतरल्या.

पहिल्या दारी द्वारपाळाने बांगड्या मागितल्या. तिने दिल्या. दुसऱ्या दारी सावली मागितली. तीही तिने सोडली. तिसऱ्या दारी द्वारपाळ म्हणाला, "राग ठेवून जा. मेलेले सारे तो इथेच ठेवतात."

"म्हणूनच आत कुणी तोंड उघडत नाही! नाही देणार. उघड दार!"

तिने दोन्ही हात दारावर मारले. लोखंडी दार मेणासारखे वितळले.

आत सिंहासनावर पाताळराज बसला होता. पुढे मेलेले मुकाट उभे होते. सारंगही त्यांतच.

"जित्या माणसाने इथे यावे असा नियम नाही," पाताळराज म्हणाला.

"नियम? बोलावणे एकाला, नेलेस दुसऱ्याला! राव असो की रंक, तुझ्या दारी सारे सारखे, असे आम्ही लेकरांना सांगतो. खोटे सांगतो का?"

पाताळराजाने मान खाली घातली. "आजवर कुणी फिर्याद केली नाही."

"मी करते. एकट्या भावाची नव्हे, या सगळ्यांची."

पाताळराजाने हात उचलला. वर महालात ताईत तडकला, धूम्रकेशाची विद्या विझली. काळदूत आला. राजाने एकामागून एक नावे घेतली, शेवटी जादूगाराचेही घेतले. दूत हलला नाही. तो राजालाच घेऊन गेला.

चंद्रावळ विहिरीतून वर आली, तेव्हा सारंग सरणावर उठून बसला होता. ज्यांची राख झाली होती ते परतले नाहीत. त्यांचे उरलेले आयुष्य पाताळराजाने त्यांच्या लेकराबाळांना दिले.

दुपारी प्रधान चंद्रावळीच्या दारी आला. "महाराजांना खांदा द्यायला कुणी येत नाही."

"येतील. मेल्यावर वैर कसले? पण आधी घरोघर जा आणि माफी माग."

प्रधानाने पायताण काढले. प्रत्येक उंबऱ्यावर डोके टेकले. मगच राजाची तिरडी उचलली गेली. तेव्हापासून त्या राज्यात ज्याचे मरण त्यालाच येते.