भरल्या ताटावरून उडालेला छायाचित्रकार

एकदा एक तरुण छायाचित्रकार आपल्या वृद्ध गुरूंबरोबर ऐन हिवाळ्यात हिमालयातल्या एका लहानशा गावी जाऊन राहिला. तरुणाचं नाव शार्दूल. गुरूंना सगळे आप्पा म्हणत. पक्ष्यांचे फोटो काढण्यात हयात घालवलेले आप्पा आताशा कॅमेऱ्यापेक्षा स्टोव्हच अधिक हाताळत असत, कारण परमुलखात पिठलं-भात मिळण्याचा तेवढा एकच खात्रीचा मार्ग होता.

शार्दूलच्या अंगी कला होती यात शंका नाही. पण घाई अंमळ अधिक होती. पुढच्याच आठवड्यात पुण्यात त्याचं पहिलं प्रदर्शन भरायचं होतं. भिंती भरल्या होत्या. दारासमोरची मुख्य चौकट तेवढी रिकामी होती, आणि तिच्यातल्या फोटोचं नाव मात्र निमंत्रणपत्रिकेवर छापूनही झालं होतं : ‘हिमझेप’. फांदीवरून झेपावणारा चिमुकला पक्षी आणि त्याच्या पंखांखाली भुरभुरणारा बर्फ. मित्र, नातेवाईक, होणारे सासरे, सगळ्यांना त्याने हा फोटो तोंडीच दाखवून ठेवला होता. बारसं थाटात उरकलं होतं, मूल तेवढं व्हायचं राहिलं होतं.

मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप न्यायला येणार होती. अंगणासमोरच्या देवदारावर, डोक्यावर काळा तुरा असलेला, मुठीत मावेल एवढा एक पक्षी सालीच्या फटींत चोच खुपसून काहीबाही वेचत होता. शार्दूलने आपली तोफेएवढी लेन्स रोखली. पक्षी काही उडेना. तो आपला टोचतोय आणि खातोय. अखेर शार्दूलने टाळी वाजवली. पक्षी उडाला, पण शार्दूलकडे पाठ करून. दुसऱ्या झाडावर जाऊन तो पुन्हा टोचू लागला. शार्दूल गुडघाभर बर्फ तुडवत तिथे पोचला. पुन्हा टाळी. या वेळी पक्षी अगदी हवा तसा उडाला. शार्दूलच नेमका घसरून पडला. दुपारपर्यंत हाच खेळ चालला. ओसरीवर बसलेले आप्पा सारं पाहत होते आणि कांदा चिरत होते.

“काय रे, मिळाला का फोटो?” दमून आलेल्या शिष्याला त्यांनी विचारलं.

“कसला मिळतोय! आप्पा, तो पक्षी आळशी आहे हो. सकाळपासून नुसता खातोय. कसा गुबगुबीत झालाय बघा, त्याला उडायलाच नको!”

“बरं,” आप्पा म्हणाले. “हातपाय धू. पान वाढलंय.”

वाफाळता भात, त्यावर पिठलं, कडेला ठेचा. शार्दूलच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याने पहिला घास उचलला आणि कानाशी फाडकन टाळी वाजली. घास ताटात पडला. तो सावरतोय तोवर आप्पांनी ताट उचललं आणि बाहेर अंगणातल्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

“आप्पा?”

“इथे उजेड चांगला आहे. जेव.”

वय झालं की माणसं विक्षिप्त होतात, असं मनाशी म्हणत शार्दूल ओट्यावर बसला. दोन घास पोटात गेले. पुन्हा टाळी, आणि ताट लाकडांच्या ढिगावर. तिथे जेमतेम ठेचा चाखून होतो तोच तिसरी टाळी, आणि ताट थेट देवदाराच्या बुंध्याशी. पिठलं गार पडून त्यावर साय धरली होती. शार्दूलचे दात थंडीने वाजत होते. त्याने जॅकेटची टोपी ओढली, गळपट्टा गुंडाळला, दोन्ही खांदे कानांपर्यंत वर घेतले. आप्पा गळ्यात जुना कॅमेरा अडकवून झाडाआड दबा धरून बसले होते.

“वा! कसा गुबगुबीत दिसतोयस!” ते ओरडले. “आता जरा पळ बघू. बर्फ उडू दे!” आणि त्यांनी पुन्हा टाळीसाठी हात उगारले.

आता मात्र शार्दूलचा संयम सुटला. ताट छातीशी कवटाळून, तोंडात घास तसाच ठेवून तो बर्फातून धूम पळत सुटला. मागे बर्फाचा नुसता धुरळा उडाला. आप्पांनी शांतपणे कॅमेऱ्याची कळ दाबली.

“आप्पा!” दारात पोचून तो अक्षरशः रडकुंडीला आला. “वैऱ्यालासुद्धा कुणी भरल्या ताटावरून उठवत नाही हो!”

“मग सकाळपासून तू काय करतो आहेस?”

शार्दूलने घास कसाबसा गिळला आणि वळून देवदाराकडे पाहिलं.

आप्पा जवळ आले. गार ताट त्यांनी त्याच्या हातातून घेतलं. “बाळा, तो पक्षी गुबगुबीत नाही, गारठलाय. ऊब धरायला पिसं फुलवून बसतो. दिवसभरात जे पोटात जाईल, त्यावर त्याला रात्र काढायची असते. तू उडवलास की खाल्लेलं उडण्यातच खर्ची पडतं. तुला पानावर परत बसवायला मी आहे. त्याचं पोट अर्धं राहिलं, तर सकाळी तो फांदीवर दिसायचा नाही. तुला फोटो नाही मिळाला, तर चौकट रिकामी राहील, एवढंच. चल, पिठलं ऊन करतो.”

शार्दूल पोटभर जेवला, पण घास काही गोड लागेना. रात्री बर्फ पुन्हा पडू लागला, तेव्हा त्याला झोप आली नाही.

सकाळी जीप दारात उभी होती. शार्दूल मात्र देवदाराखाली, लेन्स मांडीवर आणि हात खिशात घालून मान वर करून बसला होता. बऱ्याच वेळाने काळा तुरा दिसला. शार्दूलने इतका मोठा सुस्कारा सोडला की तो ओसरीपर्यंत ऐकू आला. पक्षी टोचत टोचत खाली उतरला आणि शेवटी लेन्सच्याच टोकावर येऊन बसला. एवढ्या जवळचं त्या तोफेला टिपता येत नाही. शार्दूलने हात खिशातच ठेवले.

प्रदर्शनाच्या दिवशी मुख्य चौकटीसमोर गर्दी जमली होती. ‘हिमझेप’ या नावाखाली एक फुगलेला तरुण ताट कवटाळून बर्फातून पळत होता. डोळे विस्फारलेले, तोंडात घास. लोक पोट धरून हसत होते. होणाऱ्या सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“जावईबापू, हे तर तुम्हीच! आणि पक्षी कुठे आहे?”

“तो जेवतोय,” शार्दूल म्हणाला.